जनुकाची वाचा बंद करणारे औषध आणि आपले कीटकमित्र

शहरात राहणाऱ्या माणसाचा कीटकांशी संबंध येतो तो बहुधा भांडणापुरताच. डास, ढेकूण, झुरळ आणि तांदळातले सोंडे एवढीच मंडळी त्याच्या ओळखीची. आणि यांपैकी एकालाही आपण होऊन कोणी घरात ठेवून घेतलेले नाही. त्यामुळे 'कीटकनाशक' हा शब्द आपल्या कानाला एखाद्या उपकारकर्त्याच्या नावासारखा लागतो. वस्तुस्थिती अशी की, शास्त्रज्ञांनी आजवर कीटकांच्या सुमारे दहा लाख जाती नोंदल्या आहेत आणि त्यांत आपल्या पिकांचे खरे वैरी मोजकेच आहेत. उरलेल्यांतील पुष्कळसे आपल्याविषयी उदासीन असतात, आणि काही तर असे आहेत की त्यांनी एक हंगाम काम थांबवले तर मंडईतल्या पाट्या रिकाम्या राहतील. दुधी, काकडी, कारले यांचे फूल माशीवाचून फळत नाही. कांद्याचे बी तिच्यावाचून नीट भरत नाही. ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. आपल्याला मात्र मुद्दाम सांगावी लागते, म्हणून आरंभीच सांगितली.

आजच्या विषयाचे निमित्त एका प्रश्नाचे आहे. काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यात नव्या कीडनियंत्रणाविषयी मी चार शब्द बोललो. कीड ज्या एका जनुकावर जगते, त्याचीच वाचा बंद करणारी औषधे आता निघाली आहेत आणि ती इतर जीवांना इजा करत नाहीत, असे काहीसे मी सांगितले असावे. श्रोत्यांत सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणारे एक वयस्क गृहस्थ होते. ते उठून म्हणाले, "सर, औषध फक्त किडीलाच मारतं म्हणता, पण हे आपल्यासाठी नाही, हे माझ्या माशीला कसं कळायचं?" सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण या सबंध शास्त्रातला कळीचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला होता आणि त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते. आज मी बोलणार आहे ते त्या उत्तराच्या शोधाविषयी.

माशीच्या मालकाला शंका का यावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातून एक पांढरी, कापसाच्या पुंजक्यासारखी दिसणारी खवले कीड कॅलिफोर्नियात शिरली आणि तिने संत्र्या-लिंबांच्या बागा खाऊन टाकायला सुरुवात केली. तेव्हा आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. त्याने १८८८ साली त्या किडीला खाणारा एक चिमुकला तांबडा ढालकिडा शोधून काढला. आपले शेतकरी ज्याला लेडीबर्ड म्हणतात, त्याच कुळातला हा किडा. त्याची काही शेंची टोळी बोटीने अमेरिकेला गेली आणि वर्ष-दोन वर्षांत बागा वाचल्या. पुढे जवळजवळ अर्धे शतक हा बंदोबस्त फुकट चालू होता. १९३९ साली पॉल म्यूलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियाच्या बागांवर डीडीटी फवारले गेले. त्याने ढालकिडा मेला. खवले कीड मात्र टिकली आणि वैरी नाहीसा झालेला पाहून पुन्हा माजली. फवारणी थांबवून ढालकिडा परत आणावा लागला.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर २००२ सालचे आठवावे. त्या वर्षी सांगलीच्या बाजूने उसावर लोकरी मावा पसरला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर साचलेली, आणि त्यावरून ओघळलेल्या गोड चिकट रसावर काळी बुरशी चढलेली. उंच वाढलेल्या उसाच्या रानात शिरून फवारणी करणे हे किती अवघड काम, हे ज्याने ऊस पाहिला आहे त्याला सांगायला नको. शेवटी माव्यावर उपजीविका करणारे डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे दोन किडे कामाला आले. ते वाढवून शेतात सोडण्याचे काम गावोगाव झाले. डिफाला तेव्हा आपले शेतकरी कोनोबाथ्रा म्हणत. एका लॅटिन नावाचा इतका सहज उच्चार मी शहरातल्या महाविद्यालयातही ऐकलेला नाही.

तेव्हा किडीचे औषध तपासताना ते किडीला मारते का, हा अर्धाच प्रश्न होतो. ते आणखी कोणाकोणाला मारते, हा दुसरा अर्धा. जुन्या औषधांना हा दुसरा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण ती बहुतेक कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि मज्जातंतू किडीचा आणि माशीचा सारखाच. नव्या औषधाचा दावा असा की ते निवड करते. ही निवड ते कशाच्या आधारावर करते, ते आता पाहू.

तलाठ्याच्या दप्तराचा दाखला घेऊ. मूळ वही दप्तरातच राहायची. बँकेला, कचेरीला, सोसायटीला जायचा तो तिचा उतारा. कामे सगळी उताऱ्यावर व्हायची. पेशीचा कारभार याच धर्तीवर चालतो. केंद्रकात डीएनएची मूळ वही असते. तीत प्रत्येक जनुकाचे जणू एकेक खाते. एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या खात्याचा उतारा निघतो. तो आरएनए या द्रव्याचा असतो आणि चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. हा उतारा केंद्रकाबाहेर येतो आणि तो वाचून प्रथिन घडवले जाते. आता अशी कल्पना करा की, मूळ वहीला हात न लावता कोणी एका विशिष्ट खात्याचे उतारे तेवढे बाहेर पडताच फाडून टाकू लागला. वही शाबूत, अक्षर न् अक्षर जागेवर. पण त्या खात्याचे काम ठप्प. जनुकाची वाचा बंद करणे म्हणतात ते हेच. वहीत खाडाखोड होत नसल्याने येथे आनुवंशिकता बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. या बाबतीत लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो.

उतारे फाडतो कोण? पेशी स्वतःच. पेशीतला उतारा एकपदरी असतो. अनेक विषाणू मात्र आपली वाढ करताना दुपदरी आरएनए तयार करतात. म्हणून दुपदरी आरएनए आढळला की पेशी तो चोराचा माल समजते. डायसर नावाचे प्रथिन त्याचे साधारण एकवीस अक्षरांचे तुकडे करते. त्या तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती दिला जातो, आणि संशयिताचे छायाचित्र खिशात घेऊन हिंडणाऱ्या शिपायासारखे ते प्रथिन हिंडू लागते. ज्या उताऱ्यात ती अक्षरे जुळतील तो उतारा कापला जातो. व्यवस्था विषाणूंविरुद्धची, पण तिला फसवता येते. किडीच्या एखाद्या जीवनावश्यक जनुकाची अक्षरे दुपदरी आरएनएत लिहून ती किडीच्या पोटात घातली, की तिच्याच पेशी तिचेच उतारे फाडू लागतात.

ही गोष्ट लक्षात आली ती एका फुलाच्या फजितीतून. अमेरिकेत रिचर्ड जॉर्गनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळ्या पेटुनियाचा रंग गडद करण्यासाठी रंगाचे जनुक जादा घातले. १९९० साली त्यांनी जाहीर केले की फुले गडद होण्याऐवजी काही पांढरीफटक, तर काही पांढऱ्या पट्ट्यांची आली. एकाच्या जागी दोन गवई बसवावेत आणि दोघांनीही गप्प बसावे, असा तो प्रकार. उलगडा १९९८ साली झाला. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवर प्रयोग करून दाखवले की, हा सारा परिणाम घडवतो तो दुपदरी आरएनए. २००६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कीडनियंत्रणाकडे पाऊल पडले २००७ साली. त्या वर्षी दोन संशोधने बरोबरच प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या एका गटाने मक्याच्या मुळ्या खाणाऱ्या अळीविरुद्ध दुपदरी आरएनए बनवणारा मका तयार केला. चीनमधल्या गटाने निवडली हिरवी बोंडअळी, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचीही जुनी वैरीण. कपाशीच्या झाडात गॉसिपॉल नावाचे विष असते. ते पचवण्याची युक्ती बोंडअळीच्या एका जनुकात आहे. चिनी शास्त्रज्ञांनी त्या जनुकाची वाचा बंद केली आणि गॉसिपॉल खाऊन अळीची वाढ खुंटली. अळीला विष घालण्यापेक्षा झाडाचे मूळचे विषच तिला पुन्हा लागू करावे, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. व्यवहारात मात्र ती तितकीशी उतरलेली नाही, कारण अळ्यांच्या आतड्यात दुपदरी आरएनए फार लवकर तुटतो. भुंगेऱ्यांच्या कुळात तो टिकतो आणि काम करतो. म्हणून आज बाजारापर्यंत पोचलेली पिकांवरची औषधे भुंगेऱ्यांविरुद्धची आहेत.

त्यांपैकी दोन सांगतो. मक्याच्या मुळ्या खाणाऱ्या अळीचा प्रौढ किडा भुंगेराच असतो. या किडीपायी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे दरवर्षी शंभर कोटी डॉलरांच्या घरात नुकसान होते, असा अंदाज दिला जातो. तिच्या स्नफ-७ नावाच्या जनुकाची २४० अक्षरे दुपदरी रूपात स्वतःच बनवणाऱ्या मक्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ साली परवानगी दिली. दुसरे औषध फवारण्याचे, लेडप्रोना नावाचे. ते कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी आहे. हा भुंगेरा १८५९ च्या सुमारास नेब्रास्कातल्या बटाट्यावर पहिल्यांदा माजला आणि तेव्हापासून आजवर पन्नासाहून अधिक कीटकनाशक द्रव्यांना त्याने पचवले आहे. पेशीतल्या निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणारे एक यंत्र असते. लेडप्रोना त्या यंत्राच्या एका भागाचे जनुक गप्प करते. पेशीत केर साचतो, अळी खाणे सोडते आणि काही दिवसांत मरते. एका एकराला लागणारे मूळ द्रव्य अवघे काही ग्रॅम. या औषधाला त्याच संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये तीन वर्षांची नोंदणी दिली. पिकावर फवारायचे अशा तऱ्हेचे हे जगातले पहिलेच.

आता पेटीवाल्यांच्या प्रश्नाकडे वळू. माशीला कसे कळायचे? उत्तर असे की, माशीला काही कळण्याची गरज नाही. अक्षरे जुळली नाहीत तर शिपाई कोणाला पकडणार? याचा थोडा हिशेब मांडू. चार अक्षरांच्या लिपीत एकवीस अक्षरांचे जितके वेगवेगळे तुकडे लिहिता येतील, त्यांची संख्या सुमारे ४.४ लाख कोटी भरते. मधमाशीच्या सगळ्या वहीत मिळून अक्षरे आहेत २३-२४ कोटी. म्हणजे केवळ योगायोगाने एखादा तुकडा तिच्या वहीत सापडण्याचा संभव हजारो भागांतला एक. एका औषधातून असे दोनशेच्या वर तुकडे निघतात हे धरले, तरी धोका शेकड्याला दोन-तीनच्या पलीकडे जात नाही. शिवाय माशीची वही २००६ साली वाचून झाली आहे. त्यामुळे संभवाच्या भाषेत बोलण्याचे कारणच नाही. औषधाची अक्षरे तिच्याशी ताडून पाहता येतात. विषाचा एवढा उघडा कारभार यापूर्वी कधी नव्हता.

मक्याच्या औषधाच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोगही झाले. कीटकांच्या चार गणांतल्या, दहा कुळांतल्या जातींना ते खाऊ घालण्यात आले. परिणाम दिसला तो त्या किडीच्या अगदी जवळच्या भाऊबंदांवर, म्हणजे तिच्याच उपकुळातल्या काही भुंगेऱ्यांवर. सलग एकवीस अक्षरे जुळल्याशिवाय काही घडत नाही, असेही आढळले. मातीत मिसळलेला हा आरएनए दोन दिवसांत सापडेनासा होतो. आपण रोजच्या भाजी-भाकरीतूनही आरएनए खातच असतो आणि आपले जठर त्याची वासलात लावते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? एवढे निर्मळ औषध निघाले असताना हा वक्ता आमचा वेळ का घेतो आहे? तर कारणे आहेत, आणि ती याच हिशेबातून निघतात.

पहिले कारण नात्याचे. योगायोगाचा हिशेब परक्यांना लागू पडतो, नातलगांना नाही. पेशीच्या मूलभूत कामाची जनुके उत्क्रांतीत फारशी बदललेली नाहीत, आणि किडीला मारायचे तर नेमकी अशीच जनुके निवडावी लागतात. जवळच्या नात्यात त्यांची अक्षरे लांबच्या लांब सारखी असतात. आपला ढालकिडाही भुंगेराच. मक्याच्या त्याच किडीच्या दुसऱ्या एका जनुकावर आधारलेला दुपदरी आरएनए युरोपातल्या शास्त्रज्ञांनी दोन तऱ्हेच्या ढालकिड्यांना मुद्दाम मोठ्या मात्रेत खाऊ घातला. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात एकवीस अक्षरांचे ३४ तुकडे जुळत होते, सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात सहा. पहिल्याची हानी झाली. दुसऱ्याची वाढ थोडी रेंगाळली, एवढेच. ज्या कॅलिफोर्नियाच्या गोष्टीपासून आपण सुरुवात केली, तिचा नायक याच कुळातला. त्याच्या वाटेला रोजच्या शेतात एवढी मात्रा येणार नाही, हे खरे. पण औषधासाठी जनुक कोणते निवडले, आणि त्यातलाही कोणता भाग, यावर ढालकिड्याचे मरण-जगणे ठरते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

दुसरे कारण अधिक गूढ आहे. समुद्रात एक हिरवी चमकणारी जेलीफिश असते. तिच्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक मधमाशीत नाही. म्हणून प्रयोगशाळेत माशीवर प्रयोग करताना, ज्याचा काही परिणाम होऊ नये असे द्रव्य म्हणून त्याचा दुपदरी आरएनए वापरण्याची चाल होती. २०१३ साली काही संशोधकांनी या निरुपद्रवी द्रव्याचीच झडती घेतली. मधमाशीची सुमारे १४०० जनुके, म्हणजे तिच्या ज्ञात जनुकांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा, कमी-जास्त बोलू लागल्याचे त्यांना आढळले. काही तुकडे अर्धेमुर्धे जुळत असावेत. पण मुख्य गोष्ट अशी की, दुपदरी आरएनए दिसला की माशीचे शरीर विषाणू आला म्हणून खडबडून जागे होते, मग त्यातली अक्षरे कोणाची का असेनात. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात असेही दिसले की, अशा परक्या दुपदरी आरएनएने माशीतल्या विषाणूंची वाढ उलट कमी झाली. तेव्हा हे जागे होणे हितकारक की अहितकारक, ते परिस्थितीवर ठरते. जनुकांच्या बोलण्यात फरक पडणे म्हणजे माशी आजारी पडणे नव्हे, हे सांगायला हवे. पण 'अक्षरे जुळली नाहीत, म्हणजे काहीच घडणार नाही' हे वाक्य मी त्या खेड्यात ज्या ठामपणे उच्चारले होते, त्या ठामपणाला या प्रयोगाने तडा गेला.

अमेरिकेतल्या मधपाळांच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१४ साली, सरकारी तज्ज्ञांची बैठक भरली असता, याच सुमारास आपला विरोध नोंदवला आणि या तंत्राच्या घाईची तुलना थेट डीडीटीच्या काळाशी केली. तुलना अतिशयोक्त आहे असे माझे मत आहे. डीडीटी फवारणाऱ्याला ते कोठे घाव घालते हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याचे साधनही नव्हते. येथे दोन्ही आहेत. परंतु ज्यांच्या पेट्या एकदा रिकाम्या झाल्या आहेत त्यांनी ताक फुंकून प्यावे, यात नवल नाही.

मधमाशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे तिचे एकत्र कुटुंब. प्रयोगशाळेत माशीची परीक्षा होते ती सुटी-सुटी. पिंजऱ्यात काही माश्या ठेवायच्या, औषध मिसळलेला साखरेचा पाक द्यायचा, दिवस मोजायचे. पण पोळ्यात एकीने आणलेले अन्न दुसरीच्या तोंडात जाते आणि दाई माश्यांच्या ग्रंथींतून पाझरणारा रस अळ्यांच्या मुखी पडतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, माश्यांना खाऊ घातलेला दुपदरी आरएनए या रसातून पुढच्या पिढीच्या अळ्यांपर्यंत पोचतो आणि तेथेही काम करतो. निसर्गतःच पोळ्यात आरएनएची अशी देवघेव चालत असावी. म्हणजे येथे औषधाचा घास एका माशीपुरता राहत नाही. माझ्या मते महिनाभर पिंजरा पाहून दिलेला निर्वाळा पोळ्याला लागू करू नये. एक सबंध हंगाम, राणीच्या अंडी घालण्यापासून नव्या कामकरी माश्या बाहेर पडेपर्यंत, पोळे पाहावे लागेल.

गंमत अशी की, हीच देवघेव माशीच्या हिताचीही आहे. युरोपीय मधमाशीचा मोठा शत्रू म्हणजे व्हॅरोआ ही गोचिडीसारखी कीड. २०१२ साली असे दाखवण्यात आले की, माशीला खाऊ घातलेला दुपदरी आरएनए तिच्या अंगावरच्या व्हॅरोआत उतरतो आणि व्हॅरोआची संख्या घटते. औषध माशीने खायचे आणि मरायचे गोचिडाने! या तत्त्वावरील औषधांचे प्रयत्न पुढे चालू राहिले. ज्या हत्याराचे भय, तेच माशीच्या रक्षणालाही, अशी ही अवस्था आहे. आपल्या सातेरीला या किडीचे फारसे भय नाही, कारण व्हॅरोआ मुळातली तिच्याच अंगावरची आणि दोघींनी एकमेकींशी जमवून घेतलेले आहे.

सातेरीचे नाव निघाले, तर आपल्यापुरता मुद्दा मांडतो. आजवरच्या बहुतेक परीक्षा झाल्या त्या युरोपीय मधमाशीवर. आपल्याकडे सातेरी आहे, कड्यांवर आणि उंच झाडांवर पोळी लावणारी आग्या आहे, झुडपांतली फुलोरी आहे. या वेगळ्या जाती आहेत. त्यांच्या वह्यांतली अक्षरे बरीचशी तीच असली तरी सगळी तीच नाहीत. सातेरीची वही २०१५ साली वाचली गेली, तेव्हा अक्षरे ताडून पाहण्याची सोय आहे. पण उसाच्या खोडकिडीची अंडी नासवणारी ट्रायकोग्रामा, जिची कार्डे आपले शेतकरी पानांना टाचतात, आणि तिच्यासारख्या शेकडो बारीक गांधीलमाश्या, ज्यांना काहींच्या बाबतीत अजून धड नावही मिळालेले नाही, त्यांच्या वह्या कोणी उघडायच्या? न वाचलेल्या वहीत अक्षरे जुळतात की नाही हे संगणकालाही सांगता यायचे नाही. तेथे जुन्या पद्धतीने, किडा समोर ठेवून, औषध चारून, वाट पाहणे एवढाच मार्ग उरतो. वेळखाऊ आणि कमी मानाचे काम आहे. तरुण संशोधक त्याला सहसा तयार होत नाहीत.

न्यायाने बोलायचे तर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. हे औषध नाकारले म्हणून शेतकरी हातावर हात ठेवून बसणार नाही. तो बाजारातली दुसरी बाटली उघडील. त्या बाटलीतली द्रव्ये कशी असतात, हे युरोपातल्या राष्ट्रांनी २०१८ साली मधमाश्यांच्या रक्षणासाठी तीन प्रचलित कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, यावरून समजावे. या तुलनेत दुपदरी आरएनए कितीतरी सौम्य आहे, आणि तो यशस्वी व्हावा असेच मला वाटते. पण कीडही स्वस्थ बसलेली नाही. प्रयोगशाळेत मक्याच्या किडीने २०१८ साली आणि बटाट्याच्या भुंगेऱ्याने २०२१ साली याला दाद न देणाऱ्या पिढ्या निपजवल्या. मक्याच्या किडीची युक्ती साधी होती: आतड्यातून दुपदरी आरएनए आत घ्यायचाच नाही. असे झाले की अक्षरे बदलून भागत नाही. या जातीचे कोणतेच औषध तिला चालत नाही. म्हणून आधाशीपणाने फवारून हे हत्यार बोथट करू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

आणि आता ज्या गोष्टीकडे माझे सर्वांत अधिक लक्ष आहे ती. नुसता दुपदरी आरएनए ऊन-पावसात लवकर नासतो. आपल्या मित्रकीटकांचे निम्मे संरक्षण या नाशवंतपणातच आहे. पण जे लवकर नासते ते शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून त्याला टिकाऊ करण्याची धडपड चालू आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर तो चिकटवून दाखवला. तो महिनाभर पानावर सापडत होता, आणि एका फवारणीने झाडाला विषाणूपासून वीस दिवस संरक्षण मिळाले. रोगाविरुद्ध ही मोठीच सोय आहे. पण असेच पापुद्रे किडीच्या औषधाला लावले, तर 'दोन दिवसांत सापडेनासा होतो' हा मघाचा दाखला त्याला लावता येणार नाही. आरएनए तोच असला तरी ते औषध वेगळे समजून त्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घेतली पाहिजे. शिवाय औषधातली अक्षरे जाहीर व्हावीत, असाही आग्रह आपण धरावा. मिठाईच्या खोक्यावर आतले जिन्नस छापलेले असतात. येथे तर ती अक्षरे हाच एकमेव जिन्नस आहे, आणि ती उघड असली तर ज्याच्यापाशी किड्याची वही आहे त्या कोणालाही ती ताडून पाहता येतील.

त्या पेटीवाल्या गृहस्थांना मी गेल्या वर्षी पुन्हा भेटलो आणि यांतले बरेचसे त्यांच्या कानावर घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "शेजारच्या रानात फवारणी असली की आम्ही काय करतो, आदल्या रात्री पेटीचं दार बंद करतो आणि एक दिवस माशी आतच ठेवतो. फार तर दोन दिवस. त्यापुढं ती आत गुदमरते. आता तुमचं हे पापुद्र्याचं औषध महिनाभर पानावर राहणार म्हणता. मग दार किती दिवस बंद ठेवू?"

मी त्यांना म्हटले, फुलोऱ्यावर फवारायचेच नाही अशी अट औषधाबरोबर आली पाहिजे. ते म्हणाले, "अट तुम्ही लिहाल हो. पण भोपळ्याच्या वेलाला फूल नाही असा दिवस कोणता, तेवढं त्या अटीत लिहून द्या."